वरच्या ओळीतली गावं

"उंची?"

"चार फूट दहा, साहेब."

"बुटांसकट?"

"बुटांसकट. काढून मोजायची वेळ आणू नका, आहे तेवढीही जाईल."

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाबाही हसले. आयुष्यभर ते असंच करत आले होते. लोक हसणार हे ठरलेलंच, तेव्हा त्यांच्या आधी आपणच एक विनोद पुढे करायचा, म्हणजे तो विषय संपतो आणि कामाचं बोलता येतं. भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाच्या त्या खोलीत मी त्यांच्या शेजारी मांडीवर फाइल घेऊन बसले होते. मला नुकतंच सतरावं सरलं होतं. अर्ज मी लिहिला होता.

माझे बाबा टपाल कचेरीत सॉर्टर होते. पत्रांचा गठ्ठा डाव्या हातावर घ्यायचा, खणांच्या मोठ्या मांडणीसमोर उभं राहायचं आणि एकेक पत्र आपापल्या गावाच्या खणात टाकायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. मोठ्या गावांचे खण छातीच्या उंचीला असतात, कारण हात सारखा तिथेच जातो. ज्या गावांना दिवसातून दोन-तीन पत्रं जातात, ती सगळ्यात वरच्या ओळीत. बाबांचा हात त्या ओळीपर्यंत पोचत नसे. कचेरीत त्यांना सगळे 'बटण' म्हणत.

पण त्यांनी एक युक्ती बसवली होती. वरच्या ओळीतलं पत्र ते दोन बोटांत आडवं धरत, मनगटाला हलका झटका देत आणि पत्र वर जाऊन खणात अलगद बसे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची ती हे बघायला. नवीन माणूस कामावर आला की त्याला मुद्दाम आणून दाखवत. "बटण, ते टोकाचं गाव दाखवा हो!" बाबा मान वर न करता टाकत. चुकत नसत.

मग नव्या मांडण्या आल्या. लोखंडी, एक ओळ जास्त, खण अरुंद. तोवर कचेरीत बऱ्याच बायका लागल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेकींचा हात वर पोचेना. काम वेळेत होत नाही म्हणून त्यांना ताकीद मिळू लागली. त्या आयोगाकडे गेल्या. चार वर्षं लढल्या. नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा भार बायकांवर पडतो, असं आयोगानं मानलं आणि प्रत्येक महिला कर्मचाऱ्याला उभं राहायला एक लाकडी पायरी मिळाली. पायरीच्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'महिला कर्मचाऱ्यांसाठी', खाली नंबर. रजिस्टरमध्ये नंबरापुढे नाव.

हा लढा चालवला तो शिडीबाईंनी. शिडीबाई हेही कचेरीनंच ठेवलेलं नाव. त्या पाच फूट नऊ इंच होत्या. वरच्या ओळीत त्यांचा हात सहज जाई. आपल्या चौदा नंबरच्या पायरीवर त्या जेवणाचा डबा ठेवत. बाबांचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. दोघं शेजारी उभे राहिले की पोरं म्हणायची, "बघा, शिडीला बटण लावलंय."

नव्या मांडणीतही बाबा पत्र उडवतच होते. खण अरुंद झाल्यामुळे कधी कधी ते शेजारच्या खणात जायचं. संध्याकाळी थैल्या बांधताना ते बाबांच्या लक्षात यायचं, ते बदलायचे. एकदा लक्षात आलं नाही.

बारा-तेरा दिवसांनी एक माणूस कचेरीत आला. त्यानं पाकीट सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलं. पाठीमागे भलत्याच गावाचा शिक्का होता. तिथून ते फिरून योग्य गावी जायला नऊ दिवस लागले होते. आत चार ओळी होत्या. आईचं जास्त आहे, निघून ये. तो निघाला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

ते पत्र कुणाच्या हातून गेलं हे कुणालाही सिद्ध करता आलं नसतं. बाबा आपल्या मांडणीपासून चालत टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "माझ्या हातून गेलंय ते."

तो माणूस ओरडला नाही. बाबांकडे वरून खाली बघत एवढंच म्हणाला, "बघून टाकायचं ना हो."

बघून टाकायला हात तिथवर पोचावा लागतो, हे बाबांनी त्याला सांगितलं नाही. घरी येऊन आईला ही हकिकत सांगितली आणि जेवले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी एकही पत्र उडवलं नाही. वरच्या ओळीची पत्रं ते बाजूला ठेवू लागले, कुणी उंच माणूस रिकामा झाला की त्याला विनवू लागले. गठ्ठे साचायला लागले.

त्यांनी पायरी मागितली.

"पायरी महिलांना आहे," सुपरवायझर म्हणाला. "ऑर्डर बघा."

"कोठीत चार-पाच पडून आहेत, साहेब."

"पडून आहेत त्याही महिलांच्याच आहेत."

बाबांनी घरून एक खोकं नेलं. बाहेरची वस्तू म्हणून ते काढायला लावलं. शिडीबाईंनी पायानं आपली पायरी त्यांच्याकडे सरकवली, "घ्या हो भाऊ, माझा डबा काय, खाली बसेल." दुसऱ्या दिवशी बाईंना मेमो मिळाला. चौदा नंबर त्यांच्या नावावर होता. बाबांनी पायरी उचलून परत त्यांच्या जागी ठेवली. जाता-येता पोरं म्हणू लागली, "बटण, आपली पायरी ओळखून राहा!" बाबा हसायचे. मग सुपरवायझरनं सांगितलं की तीन महिन्यांनी वेळ लावून सगळ्यांची चाचणी होईल आणि त्यात ओळ अपुरी राहिली तर मांडणीवरून काढावं लागेल.

"मांडणीवरून काढतील म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे सॉर्टर राहणार नाही," बाबा म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणवून घ्यायचं नव्हतं.

आयोगाच्या छापील अर्जात एक प्रश्न होता. भेदभाव कशावरून झाला? पुढे चौकोन होते. वंश, धर्म, भाषा, लिंग, वय, अपंगत्व.

"उंची लिही," बाबा म्हणाले.

"उंचीचा चौकोन नाहीये."

"मग अपंगत्वात बसतं का बघ."

"डॉक्टर सर्टिफिकेट देत नाहीत. तुम्ही ठणठणीत आहात म्हणाले."

"ते आहेच," आई आतून म्हणाली. "लग्नाच्या फोटोत मला खुर्चीवर बसवून घेतलं होतं, तेवढाच काय तो त्रास."

"मग कोरा ठेव," बाबा म्हणाले.

"कोरा ठेवला तर अर्ज परत येतो." मी पेन उचललं आणि 'लिंग'पुढे खूण केली. "बायकांना पायरी मिळते, तुम्हाला मिळत नाही. का? तर तुम्ही पुरुष आहात म्हणून."

बाबा बराच वेळ त्या खुणेकडे बघत होते. "पण तसं नाहीये ना ते."

"कायद्याच्या भाषेत तसंच आहे, बाबा."

कायद्याच्या भाषेत. मला हे शब्द बोलायला फार आवडले होते. मी तो अर्ज तीनदा लिहिला. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य घातलं. पाच फूट नऊ इंच उंचीच्या एका महिला कर्मचारी आपल्या पायरीवर डबा ठेवतात, आणि चार फूट दहा इंचांचा अर्जदार टाचा उंचावून काम करतो. ते वाक्य मला इतकं बिनतोड वाटलं की मी ते मैत्रिणीला वाचून दाखवलं. बाबांनी सही केली ती शेवटच्या पानावर. मधलं वाचलं नाही. "तू लिहिलंयस ना," म्हणाले.

सुनावणीला मागचे बाक बायकांनी भरले होते. चाळीसेक जणी रजा काढून आल्या होत्या. आत येताना बाबांना आनंदच झाला, त्यांना वाटलं आपल्यासाठी आल्या. त्यांनी शिडीबाईंना हात केला. बाईंनी मान हलवली, हसल्या नाहीत.

उंची विचारून झाल्यावर कचेरीचे वकील उठले. "अर्जदाराचं म्हणणं आम्हाला मान्य आहे," ते म्हणाले.

मी बाबांचा हात दाबला.

"एकाच कामावरच्या दोन माणसांना, एक पुरुष आणि एक स्त्री म्हणून, वेगळं वागवणं योग्य नाही. म्हणून पुढच्या एक तारखेपासून पायऱ्या काढून घेण्यात येतील. सगळ्यांच्या. मग तक्रारीला जागाच राहणार नाही."

खोलीत चुळबुळ झाली. अध्यक्ष म्हातारे होते. त्यांनी चष्मा काढला. "त्या पायऱ्या याच आयोगानं द्यायला लावल्या आहेत, वकीलसाहेब."

"महिलांची सरासरी उंची कमी म्हणून लावल्या. पण अर्जदारानं स्वतःच दाखवून दिलंय की सरासरीवर जाता येत नाही. मी त्यांच्याच अर्जातला तिसरा परिच्छेद वाचतो."

आणि त्यांनी माझं वाक्य वाचलं. चांगलं वाचलं, जिथे थांबायला हवं तिथे थांबून. मागे कुणी हसलं नाही. मी वळून बघितलं नाही, पण शिडीबाई कुठे बसल्या आहेत हे माझ्या मानेला कळत होतं.

अध्यक्ष बाबांना म्हणाले, "तुमची अडचण मला दिसते आहे. खरी आहे. पण तुम्ही ज्या चौकोनात खूण करून आलात त्याचंच उत्तर मला देता येतं. स्त्री-पुरुषांना सारखं वागवा, एवढं मी सांगू शकतो. तुम्हाला वर घेऊन सारखं करायचं की त्यांना खाली उतरवून, हे मी नाही ठरवू शकत. ते कचेरीच्या हातात आहे." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "अर्ध्या तासानं बसू. तुम्ही विचार करा."

बाहेरच्या पॅसेजमध्ये पाण्याच्या पिंपाशी शिडीबाई आमची वाट बघत उभ्या होत्या.

"भाऊ, डब्याचं तुम्ही लिहिलंत?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणभरच. मग वर मान करून त्यांना म्हणाले, "हो."

मी तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही.

"खोटं नाहीच ते," बाई म्हणाल्या. "मला काय करायची होती पायरी? मी आमच्या वकिलांना तेव्हाच म्हटलं, माझी दुसऱ्या कुणाला तरी द्या. तर ते म्हणाले, बाई, आत्ता एकीनं नको म्हटलं की उद्या म्हणतील कुणालाच नको. गुपचूप घ्या आणि काहीतरी ठेवा तिच्यावर. म्हणून डबा ठेवते."

"अस्सं," बाबा म्हणाले.

"मी तुम्हाला मागे फिरा म्हणायला नाही आले. कुठल्या तोंडानं म्हणू? आम्ही जे मागत होतो तेच तुम्ही मागताय."

"खरंच लागते अशा किती जणी आहेत?"

"छत्तीस-सदतीस."

"ती खिडकीपाशी उभी असते ती? पायाचं ऑपरेशन झालेली?"

"तिला तर लागतेच. पायरीच्या आधी टाच उचलून उचलून तर पाय गेला तिचा."

बाबा पाणी घ्यायला वळले. पिंप उंचावर ठेवलेलं होतं, पेला भरायला बाईंनीच हात पुढे केला. बाबांनी तो त्यांना भरू दिला.

"बाबा, हा त्यांचा डाव आहे," मी म्हटलं. "तुम्हाला आणि यांना भांडायला लावायचं. तुम्ही मागे घेऊ नका."

"डाव आहे हे मलाही कळतं गं पोरी. दूधखुळा थोडाच आहे मी." ते पाणी प्याले. "पण डाव आहे हे कळलं म्हणून एक तारखेला पायऱ्या जायच्या थांबतात का?"

मी फाइल बंद केली.

आत गेल्यावर बाबा उभे राहिले. टेबल उंच होतं, अध्यक्षांना त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत असावेत.

"साहेब, मी अर्ज मागे घेतो. मला पुरुष म्हणून कुणी त्रास दिलेला नाही. तसं लिहायला नको होतं."

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले आणि लिहू लागले.

"एक विचारू का?"

"विचारा."

"आमच्याकडे पुष्कळ पत्रं येतात ज्यांना खण नसतो. पत्ता अर्धाच असतो, नाहीतर नुसतं माणसाचं नाव. ती आम्ही फेकत नाही. त्यांच्यासाठी एक टेबल आहे. तिथे एक माणूस बसतो, पत्र उलटंपालटं करून बघतो, इकडेतिकडे विचारतो. वेळ लागतो, पण लावतो ठिकाणी." बाबा थांबले. "तुमच्याकडे असं टेबल आहे का?"

कोपऱ्यात टाइप करणाऱ्या बाईंचा हात थांबला. "साहेब, हे नोंदीत घ्यायचं का?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "घ्या," ते म्हणाले. मग बाबांना म्हणाले, "नाही. असं टेबल आमच्याकडे नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी आपली पिशवी उचलली.

चाचणी ठरल्या दिवशी झाली. बाबांनी खालच्या सगळ्या ओळी कचेरीत सगळ्यात आधी लावल्या, हे मला नंतर कळलं. मग ते वरच्या ओळीची एकोणीस पत्रं हातात धरून वेळ संपेपर्यंत उभे राहिले. पोरं हळूच म्हणत होती, "उडवा ना बटण, आज कोण बघतंय." बाबांनी उडवली नाहीत.

त्यांना अपुऱ्या पत्त्यांच्या टेबलावर बसवलं. सुपरवायझरला त्यात गंमत वाटली असावी. बाबांनी आयोगाला टेबलाबद्दल विचारलं, ही गोष्ट तोवर कचेरीभर झाली होती. पहिल्या दिवशी घरी आल्यावर आईनं विचारलं, "खुर्ची तरी बरी आहे का?"

"छान आहे," बाबा म्हणाले. "पाय टेकत नाहीत."

निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं ते त्या टेबलावर होते. नुसतं 'शाळेसमोरच्या विहिरीजवळच्या मावशीला' असं लिहिलेलं पत्र त्यांनी पोचवलं आहे. लोक त्यांचं कौतुक करायचे, त्यांनाही ते काम आवडायला लागलं होतं असं मला वाटतं. पण कुणी विचारलं की काय करता, तर ते शेवटपर्यंत 'सॉर्टर' म्हणत. आणि घरी वर्तमानपत्राची घडी हातात आली की कधी कधी त्यांचं मनगट आपोआप हलायचं, मग ते घडी खाली ठेवून द्यायचे.

मी पुढे बरंच वाचलं. सारखेपणावर, हक्कांवर, गटाला दिलेलं संरक्षण कुठे संपतं आणि एकटा माणूस कुठे सुरू होतो यावर शहाण्या माणसांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. त्यातले दोन्ही बाजूंचे मला पटत गेले. बाबांशी मी यावर कधी बोलले नाही. डब्याच्या वाक्याबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि विचारत नाहीत म्हणून मी सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं हे असंच चाललं. गेल्या महिन्यात बाबा गेले.

मी घर आवरत होते. मी आईसारखी उंच आहे. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्यांवर माझा हात सहज गेला आणि तिथे काहीच नव्हतं, धूळ तेवढी होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्यामागे बाबांनी सगळं घर हळूहळू खाली उतरवून घेतलं होतं.

दुपारी दार वाजलं. शिडीबाई होत्या. मी ओळखलं नाही आधी. त्या पाठीत इतक्या वाकल्या होत्या की माझ्या खांद्याला लागत होत्या. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मी ते घेऊन खाली ठेवलं, त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं.

"कळलं कालच," त्या म्हणाल्या. "त्रास झाला का फार?"

"नाही. झोपेतच."

"बरं झालं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आता यंत्रंच लावतात पत्रं. मांडण्या मोडीत काढल्या तेव्हा पायऱ्याही भंगारात निघाल्या. माझी मी मागून घेतली. म्हटलं भाऊंना नेऊन द्यावी. म्हणत राहिले, म्हणत राहिले. आणायची कुठल्या तोंडानं?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "बाई, डब्याचं बाबांनी नव्हतं लिहिलं. मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला..."

"अगं, तुझे बाबा कुणाची उंची लिहिणार आहेत का कागदावर? जन्म गेला त्यांचा त्यात." त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला. "ते हो म्हणाले तेव्हाच मला कळलं, हा माणूस आता आत जाऊन अर्ज मागे घेणार. मी थांबवू शकले असते. नाही थांबवलं."

मग त्या निघाल्या. रिक्षापर्यंत मी त्यांचा हात धरून गेले.

परत आल्यावर मी चादर सोडली. बाजूचा पांढरा रंग उडाला होता, चौदा आकडा मात्र वाचता येत होता. वरची फळी अजून नव्यासारखी होती. कडा कुठे झिजल्या नव्हत्या, पावलांची एकही खूण नव्हती. मधोमध डब्याच्या बुडाचा एक गोल डाग तेवढा होता. मी ओल्या फडक्यानं तो पुसून बघितला. तो गेला नाही.